निकडीची जागा

नागपूर विमानतळावरच्या निकडमापकानं डॉ. वैजयंती खांबेटेला शंभरपैकी एकतीस गुण दिले आणि गोड आवाजात सांगितलं, "आपली निकड खरी वाटत नाही. कृपया पुढच्या प्रवाशाला येऊ द्या."

हे यंत्र वैजयंतीनंच बनवलं होतं.

सकाळी साडेनऊला भावजींचा फोन आला होता. पोर्ट ब्लेअरच्या इस्पितळात आक्काचं हृदय थकत चाललं होतं. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंतचीच खात्री दिली होती. आई गेली तेव्हा वैजयंती चार वर्षांची होती. तिच्या वेण्या घालण्यापासून तिला पीएच.डी.ला पाठवण्यापर्यंत सगळं या थोरल्या बहिणीनं केलं. आणि वैजयंती गेली तीन वर्षं "पुढच्या महिन्यात नक्की येते" एवढंच म्हणत आली होती. आक्का अजून शुद्धीत होती आणि एकच विचारत होती, वैजू निघाली का.

अंदमानला दिवसाला दोनच विमानं. 'चिमणी' ही स्वस्तातली कंपनी, पाणीसुद्धा विकत देणारी. 'राजहंस' म्हणजे जेवण, उशी आणि नमस्कार, सगळं तिकिटातच. दोन्ही भरलेली होती. मात्र प्रत्येक विमानात निकडीची एक जागा अखेरपर्यंत रिकामी ठेवायची, असा नियम होता. पूर्वी ती काउंटरवरचा माणूस द्यायचा. मग लग्नाला निघालेला, मॅच बघायला निघालेला, जो तो "घरी सिरियस आहे हो" म्हणत डोळ्यांना रुमाल लावायचा. राजहंसवाले सभ्यपणानं सगळ्यांवर विश्वास ठेवायचे, चिमणीवाले कुणावरच नाही, आणि जागा शेवटी मिळायची ती ज्याची ओळख असेल त्याला. वैजयंतीला या वशिल्याची मनस्वी चीड. म्हणून तिनं हे यंत्र केलं. त्याची मूठ धरायची आणि कशासाठी जायचंय ते बोलायचं. नाडी, घाम, आवाज तपासून ते गुण देतं. नव्वदच्या वर गेलात की जागा तुमची. कुठल्याही माणसाला त्यात ढवळाढवळ करता येऊ नये ही अटही तिचीच. ती स्वतःसुद्धा त्या अटीत आली, याचा तेव्हा तिला अभिमान वाटला होता.

चिमणी उडून गेली होती. राजहंसची नोंदणी बंद व्हायला वीस मिनिटं उरली होती. तिनं प्रयोगशाळेत इरफान मुजावरला फोन लावला. तो तिचा संख्याशास्त्रज्ञ, अकरा वर्षांचा सहकारी.

"इरफान, मापक बिघडलंय. मी खरं सांगतेय आणि मला एकतीस!"

"बिघडलेलं नाही, मॅडम. तुमची मोजणी समोरच आहे माझ्या. नाडी एकशे अठरा, आवाज चढलेला, हाताला घाम. आपण हीच खोट्याची लक्षणं धरलीत."

"अरे, घाबरलेला माणूस असाच असतो!"

इरफाननं विचारलं, "मॅडम, यंत्राला शिकवताना खरी प्रकरणं आपण कशी ठरवली होती?"

"कागदावरून. ज्यानं काउंटरवर मृत्यूचा दाखला दाखवला तो खरा, बाकीचे..."

"बाकीचे खोटे," इरफान म्हणाला. "दाखला ज्यांच्या हातात होता त्यांचं माणूस आधीच गेलेलं होतं. ते बधिर झाले होते, शांत होते. ज्यांचं माणूस अजून जिवंत होतं, ते दाखला कुठून आणणार? ते सगळे आपण खोट्यांत ढकलले. हे यंत्र ज्याला उशीर झालाय त्यालाच ओळखतं."

"पण दोन वर्षांत कुणी..."

"तक्रारी आल्या होत्या, मॅडम."

आल्या होत्या. खोटारड्यांच्या कांगाव्यात वेळ कोण घालवणार, म्हणून तिनं एकही वाचली नव्हती.

"बंद कर ते यंत्र."

"कुलूप तुमचंच आहे. दोन्ही कंपन्यांच्या सह्या लागतील. आठ दिवस तरी जातील."

मग शांत होऊन बघते, असं म्हणून तिनं डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतले आणि मूठ धरली. अडतीस. पुन्हा धरली. पस्तीस. आक्का वाट बघतेय हे मनात असताना नाडी खाली येईना. बारा मिनिटं उरली.

"काहीतरी कर रे इरफान," ती रडत म्हणाली. "मी पाया पडते तुझ्या."

मग तो म्हणाला, "थांबा, ऑफिसचा फोन वाजतोय." दोन मिनिटांनी त्याचा पुन्हा फोन आला.

"मूठ धरलीय, मॅडम?"

"हो."

"तुमच्या भावजींचा फोन होता. तुमचा लागत नव्हता म्हणे." त्याचा आवाज अगदी खाली आला. "आक्का गेल्या. दहा मिनिटं झाली."

वैजयंती ओरडली नाही. डोळ्यांतलं पाणीसुद्धा थांबलं. आत कुणीतरी दिवा काढून नेल्यासारखं झालं. "मला आक्काकडे जायचंय," ती यंत्राला म्हणाली.

शहाण्णव.

"राजहंसवर आपलं स्वागत आहे. जेवण शाकाहारी की मांसाहारी?"

ती विमानात कशी चढली हे तिला नंतर आठवलं नाही. कुणीतरी नमस्कार केला, कुणीतरी उशी दिली. दारं लागली आणि फोन थरथरला. इरफानचा निरोप होता.

"मॅडम, भावजींचा फोन आलाच नव्हता. आत्ता मीच त्यांना लावला. आक्का आहेत, शुद्धीत आहेत. तुम्ही निघालात असं त्यांना सांगितलंय. यंत्रात ढवळाढवळ करायला मनाई होती, म्हणून तुमच्यात केली. माफ करा."

तिनं तो तीनदा वाचला आणि मग शेजारच्यांची पर्वा न करता ती हमसून हमसून रडली. विमान हललं तेव्हा तिचं लक्ष हातातल्या तिकिटाकडे गेलं. खाली बारीक अक्षरात तिनंच घातलेला नियम होता: "दोन दिवसांत मृत्यूचा दाखला जमा करावा. अन्यथा निकड खोटी समजून या प्रवाशाला दोन्ही कंपन्यांची विमानं कायमची बंद होतील."

ते वाचून तिनं हात जोडले. खोटारड्यांच्या यादीत आपलं नाव येऊ दे, असं तिनं मनापासून मागितलं. परत यायला बोट होती.