उर्फचा रकाना

बारामतीत भिगवण रस्त्याला, सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एका संस्थेचं कार्यालय होतं. खाली पंक्चर निघायची, वर माणसं कॉम्प्युटरात जायची. साल शहाण्णव. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या घराघराची माहिती गोळा करायचं काम संस्थेनं अंगावर घेतलं होतं. घरात माणसं किती, गोठ्यात जनावरं किती, चूल की गॅस, कोण कुठं नांदायला गेलं. जोतीराम मोटारसायकलवर गावोगाव फिरून फॉर्म भरून आणायचा आणि करुणा ते टाइप करायची.

करुणा वडगाव निंबाळकरची. वडील शाळामास्तर. घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि शिकवण एकच: कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, तपासून बघायचं. त्यामुळं पुढं जे झालं ते तिनं तपासून बघितलं. तिथंच तर सगळं बिघडलं.

फॉर्मात नावाशेजारी ‘उर्फ’ असा एक रकाना होता. गावाकडं एका नावाची चार-चार माणसं असतात, म्हणून. बहुतेक लोक तो मोकळा सोडायचे. करुणाही मोकळाच ठेवायची.

मार्चात पहिली यादी छापून निघाली. त्यात जोतीरामचंही घर होतं. त्याच्या नावापुढं उर्फ होतं: पिठ्या.

जोतीरामच्या हातातला चहाचा ग्लास तसाच राहिला.

“तुमाला कुणी सांगितलं, ताई?”

“मी नाही टाकलं. फॉर्मात तरी कुठं आहे?”

“आज्जी म्हणायची मला. जात्यापाशी बसून अंगभर पीठ करून घ्यायचो. तिला जाऊन अठरा वर्सं झाली.” मग तो हसला. “मशीन लई चौकस हाय. सोयरिकी जुळवायला बसवा.”

दुसऱ्या यादीत डाळजचे मोहनराव निघाले. त्यांच्यापुढं जे उर्फ छापलं होतं ते त्यांच्या तोंडावर म्हणायची उभ्या गावात कुणाची छाती नव्हती. तिसऱ्या यादीत अशी अकरा नावं झाली. करुणानं एकेक फॉर्म काढला, पुन्हा टाइप केला, पुन्हा छापला. पडद्यावर रकाना मोकळा. कागदावर भरलेला.

पुण्याहून दुरुस्तीवाला आला. त्यानं प्रिंटर उघडला, फुंकर मारली, झाकला. “व्हायरस असेल,” म्हणाला. शिकलेल्या माणसाला त्या काळी भूत म्हणायची लाज वाटायची, त्याची सोय या शब्दानं झाली होती.

मग अंथुर्ण्याची यादी निघाली.

घर संभाजी आणि द्वारकाबाईचं. एकच मुलगी, धोंडी, वय पाच. तिच्यापुढं उर्फ होतं. ते नाव इथं लिहीत नाही. एवढंच सांगतो की ते फार सुंदर होतं, आणि धोंडी म्हणून हाक मारलेल्या पोरीला असं नाव असेल हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

यादी पक्की करायच्या आधी गावच्या चावडीवर मोठ्यानं वाचायची, असा दंडक होता. अंथुर्ण्याचं वाचन शुक्रवारी. बुधवारी करुणा जोतीरामच्या मागं बसून तिकडं गेली.

द्वारकाबाई गोठ्यात गाईला वैरण टाकत होती. जोतीरामला बाहेर ठेवून करुणा आत गेली आणि तिनं हळू आवाजात ते नाव विचारलं.

द्वारकाबाईच्या हातातली वैरण खाली पडली. तिनं आधी दाराकडं बघितलं, मग करुणाचं मनगट धरलं.

“पुन्यांदा बोलू नगा ते.”

तिनं मनगट सोडलं आणि पडलेली वैरण गोळा करून गाईपुढं सारली.

“धोंडीच्या आधी दोन झाली,” द्वारकाबाई म्हणाली. “बारसं थाटात केलं. आत्यानं कानात नाव सांगितलं, कुर्रर्र केलं, गावभर नाव झालं. वरीस पुरं केलं न्हाय एकानं बी. हिच्या वक्ताला मी आत्याला बोलावलंच न्हाय. बाराव्या दिशी हितं आले आन मीच कानात नाव सांगून कुर्रर्र केलं. तवा ही गाय हुती फकस्त. हिच्या बापाला सुदिक ठावं न्हाय.”

“आणि मुलीला?”

“तिला ठावं हाय. शिकवलंय मी, त्या नावानं कुणी हाक मारली तर वळायचं न्हाय. वंगाळ असतं ते दोनदाच हाक मारतं. तिसऱ्यांदा हाक आली तर माणूस समजायचं, मगच ओ द्यायची.” तिनं पुन्हा दाराकडं बघितलं. “आमी सांगितलं न्हाय, तर तुमच्या मशीनला सांगितलं कुणी?”

करुणानं पिशवीतून फॉर्म काढून उर्फचा मोकळा रकाना दाखवला.

“खोडून टाका. माझ्या म्होरं खोडा.”

गुरुवारी दुपारी द्वारकाबाई पोरीला घेऊन एसटीनं बारामतीला आली. धोंडी अंगानं बारीक, डोळ्यांत काजळ, पायात एकच पैंजण. ती प्रिंटरशेजारच्या स्टुलावर बसली आणि कागदाच्या कडेची भोकं बोटानं मोजू लागली.

“नुसतं उर्फ खोडून भागायचं नाही, मावशी. ते पडद्यावर नाहीच आहे.”

“मग पोरच काढा. धोंडी बी ठिवू नगा.”

“यादीत ती राहणार नाही मग. या घरात मूल नाही असं होईल.”

“हुंद्या. यादीत नसली तर घरात राहील.”

करुणानं ती ओळच पुसली. नवी यादी छापली. द्वारकाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं करुणाला आपल्या घराच्या ओळीवर बोट ठेवायला लावलं.

“किती माणसं हायत?”

“दोन.”

“उर्फ?”

“एकही नाही.”

द्वारकाबाईनं पदरानं तोंड पुसलं. कालपासून पहिल्यांदाच तिचे खांदे खाली आले.

“आनि कुणाकडं न्हाय ना कागद ह्यो?”

“नाही,” करुणा म्हणाली.

मागच्या शनिवारी सगळ्या गावांची एक फ्लॉपी पुण्याला गेली होती. दर शनिवारी जायची. पुण्याहून ती कुठं जायची, हे करुणानं कधी विचारलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा ती न तपासता बोलली.

पोरीचा हात लागू नये म्हणून तिनं प्रिंटरचं बटण बंद केलं आणि वायर भिंतीतून काढली. वायर तिच्या हातात होती. खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवून बघत होतं.

प्रिंटर वाजला. कुर्रर्र.

आपल्या नावाची हाक ऐकल्यासारखं धोंडीचं बोट भोकावर थांबलं. तिनं मान वळवली नाही.

करुणानं हातातल्या वायरीकडं बघितलं.

कुर्रर्र.

कागद बोटभर पुढं सरकला. कोरा.

द्वारकाबाई उठली. पोरीचे कान झाकायला तिनं दोन्ही हात पुढं केले.

कुर्रर्र.

धोंडी आईकडं बघून हसली. शिकवलेलं बरोबर लक्षात राहिल्यासारखी. मग प्रिंटरकडं वळून म्हणाली,

“ओ.”