भाते कोण तुडवतंय?

दुपारची जेवणं उरकली आणि उर्सुला नकलेसाठी नवी वही आणायला चर्चमध्ये गेली. गुड फ्रायडे आठ दिवसांवर आला होता. गाणाऱ्यांना सुरावटीच्या नकला करून द्यायच्या, हे तिचं काम. वडील चर्चचे संगीतमास्तर झाले तेव्हापासून ती तेच करत होती. त्यांना जाऊन पाच महिने झाले होते.

वडील, क्रिस्टोफ वेंडिश, म्हणजे थुरिंगियातल्या त्या गावाचं भूषण. ऑर्गनला वारा पुरवणारे भाते तुडवायला ते पोरवयात लागले, भात्याच्या फळीखाली पाय सापडून लंगडे झाले, आणि पुढे त्याच ऑर्गनवर बसले. तीस वर्षं दर रविवारी नवं संगीत! गाव अजून त्यांना डोक्यावर घेऊन नाचतं. शेवटची सात वर्षं त्यांचा हात इतका कापायचा की सूपही धड पिता येत नसे, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. संगीत रचत होती उर्सुला. वर नाव वडिलांचं.

"बाईच्या नावानं देवाघरात काही वाजत नाही, पोरी," एवढं बोलून त्यांनी विषय संपवला होता.

नवे मास्तर झाइफर्ट वरच्या सज्जात ऑर्गनपाशीच होते. त्यांनी वही पुढे केली. "माझी नवी रचना. वीस नकला हव्यात, बुधवारपर्यंत."

तिनं पहिलं पान उघडलं. अक्षर तिचंच. ही तिची शेवटची रचना. वडिलांचं नाव होतं तिथं चाकूनं खरवडलेलं. कागद इतका झिजला होता की खिडकीतला उजेड आरपार दिसत होता. खरवडल्या जागी शाई फुटते, एवढंही त्या ठोंब्याला ठाऊक नव्हतं. 'झाइफर्ट' पानभर पसरलं होतं.

"ही तुमची नाही."

"मग कुणाची? तुमच्या वडिलांची?" मास्तर हसले. "मेलेल्याला नाव कशाला हवंय, बाई? मुकाट्यानं नकला करा, नाहीतर दुसरं काम बघा."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोरावर मोर! आणि पहिला चोर तर घरातलाच. मास्तरांना बाजूला ढकलून ती ऑर्गनच्या बाकावर बसली आणि दोन्ही हात पट्ट्यांवर आपटले.

ऑर्गन गरजला.

"मात्झ!" मास्तर खेकसले. "कुणी सांगितलं तुला भाते तुडवायला? बंद कर!"

"मी... मी इथं आहे, मास्तर." म्हातारा मात्झ, हल्लीचा भातेवाला, झाडू घेऊन जिन्यात उभा होता. "भात्यांच्या खोलीला कुलूप आहे... किल्ली माझ्यापाशी..."

तिघांनीही ऐकलं. ऑर्गनमागच्या बंद खोलीतून आवाज येत होता. धप्प... सर्रर. धप्प... सर्रर. एक पाय जोरानं पडत होता, दुसरा फरपटत होता. ओल्या मातीचा वास आला.

मास्तर असे पळाले की त्यांचा केसांचा टोप पायरीवरच राहिला. देवाचं नाव घेत मात्झही मागोमाग गेला.

उर्सुलाही भ्याली. पण रागानं भीतीवर मात केली. तिनं वही समोर ठेवली आणि सगळी रचना पहिल्यापासून वाजवायला घेतली. मागून धाप ऐकू येऊ लागली, आणि तो खोकला... शेवटच्या दिवसांतला.

"दमलात, बाबा?" ती ओरडली. "सात वर्षं मी राबले. आता तुम्ही तुडवा!"

रचना संपली. तिनं पहिलं पान उलटून पाहिलं. झाइफर्टचं नाव तिथं नव्हतं. खरवडलेल्या जागी ओल्या शाईत, कापऱ्या हातानं एक अक्षर उमटलं होतं. तिच्या नावातलं पहिलं. एकच.

भिंतीमागे फरपटणारा पाय हळूहळू लांब निघाला होता.

"कुठे निघालात?" ती म्हणाली. "नाव पुरं व्हायचंय अजून."

तिनं हात पुन्हा पट्ट्यांवर ठेवले, आणि वाट पाहिली.

धप्प... सर्रर.