दहा मिनिटं पुढे

किल्ली दिली की बंद पडलेलं चालू होतं, एवढीच माझी श्रद्धा. बाकी भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता. हसायचं तर हसा, पण आधी ऐका.

त्या दुपारी टांगेवाल्यांच्या घरी भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला गेलो. टांगेवाले जाऊन तीन वर्षं झालेली, काकू एकट्याच. त्यांनी स्टूल दिलं आणि बजावलं, की घड्याळ दहा मिनिटं पुढेच लावायचं. प्रवाशांची गाडी चुकू नये म्हणून टांगेवाल्यांनी ते जन्मभर तसंच ठेवलं होतं.

"बंद पडून आठवडा झाला," काकू हळूच म्हणाल्या. "पाचाचे टोले पडल्याशिवाय हे घरात येत नाहीत हो. आठवडाभर आलेच नाहीत..."

मला त्यांची कीव आली. पण माझ्या हाताखालून गेलेलं घड्याळ चुकीची वेळ दाखवणार? काकू चहा टाकायला आत गेल्या, तसं मी ते साफ केलं, तेल घातलं आणि माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी मिनिटाला मिनिट जुळवलं. पाचाला दहा कमी होते.

तेवढ्यात बाहेर टापा वाजल्या. टप... टप... दाराशी येऊन थांबल्या. खिडकीतून पाहिलं तर रस्ता रिकामा. पण ओल्या गवताचा आणि घोड्याच्या घामाचा वास घरभर पसरला. कोणीतरी घसा खाकरला. मग खूर आपटले, एकदा, दोनदा...

काकू कप घेऊन उभ्या होत्या. "वेळ बदललीत ना?" त्या कुजबुजल्या. "टोल्यांसाठी खोळंबलेत. फार तापट आहेत..."

माझी पाचावर धारण बसली. काटा दहा मिनिटं पुढे सरकवला. पाच टोले पडले. दाराची कडी आपोआप निघाली, रिकामी खुर्ची करकरली आणि काकूंचा चेहरा असा उजळला, की त्या भीतीतही मला भरून आलं.

"बसा ना," त्या म्हणाल्या. "हे सोडतील तुम्हाला घरी."

नको नको म्हणत, हत्यारांची पेटी तिथंच टाकून मी धूम ठोकली. थेट घरापर्यंत, धापा टाकत.

दारात बायको उभी होती. तिच्या हातात माझी पेटी.

"टांगेवाला आत्ताच देऊन गेला," ती म्हणाली. "भला माणूस. उद्या पाचाला तुम्हाला न्यायला येतोय. दहा मिनिटं आधीच तयार राहा म्हणाला."

"कुठं न्यायला...?"

"मीही विचारलं. तिकडं सगळीच घड्याळं बंद पडलीत म्हणे."