निकाल लागेपर्यंत

हसू नका पोरांनो. आमच्या देवगाव रंगारीच्या बद्रीनाथबरोबर घडलेलं सांगतोय.

त्याची चुलती द्वारकाबाई पुंडलिकनगरात स्वतःच्या घरात राहायची. मूलबाळ नव्हतं. शेवटच्या आजारपणात तिचं हगणं-मुतणं काढलं, पांढऱ्या केसांना रोज खोबरेल लावलं ते भाडेकरू आवडाबाईनं. बद्रीनाथ तिकडं फिरकलासुद्धा नाही. म्हातारी गेली, मृत्युपत्रात घर तिच्या भाचीच्या नावावर निघालं, तेव्हा मात्र हा ते खोटं म्हणत कोर्टात गेला.

वकिलानं त्याला बजावलं होतं, "निकाल लागेपर्यंत भाडेकरूला हात लावू नका. मालक कुणीही ठरो, कोर्टाच्या हुकमाबिगर तिला काढता येत नाही."

"एकदा सामान बाहेर अन् दाराला माझं कुलूप. मग बघू कोण काय करतंय," बद्रीनाथ म्हणाला.

पौष अमावास्या, शनिवार. आवडाबाई भावाकडं कन्नडला गेलेली. जेवणं आटोपून गल्ली निजली तसा हा नवं कुलूप घेऊन आला. जुनं तोडलं, नवं कडीला अडकवून ठेवलं. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून लाईट न लावता, मोबाईलच्या उजेडात तिची भांडी, गोधड्या, लुगडी अंगणात फेकली.

आतल्या खोलीतून आवाज आला. "कोण हाय?"

बाहेरून कुलूप होतं हे घाईत विसरून, आवडाबाई घरातच राहिली असावी, असं त्याला वाटलं. "मुकाट्यानं निघा बाई. घर माझं हाय."

"तुझं?"

मग खोकला. तो खोकला त्याच्या ओळखीचा होता.

मोबाईल विझला.

"काकू...?"



तो दाराकडं धावला. दार लागलं. बाहेरून खट्ट झालं. त्याचंच कुलूप. किल्ली त्याच्याच खिशात.

मागून कुणीतरी पाय ओढत येत होतं. सावकाश. लई सावकाश...

"माझ्या आवडीला रस्त्यावर काढतो व्हय रे?"

अगदी कानाशी.

मग...

इथवरचं त्यानं नंतर कागदावर लिहून दाखवलं, पुढचं काही केल्या लिहीत नाही. तोंडानं सांगणार कसा? वाचाच गेली. ती आजतागायत आली नाही.

सकाळी आवडाबाई परतली. शेजारच्या सांडूनं कुलूप फोडलं. भांडी फळीवर, गोधड्या घडी घालून. बद्रीनाथ कोपऱ्यात, डोळे सताड उघडे. दावा पुढं त्याच्या बायकोनंच मागं घेतला. आवडाबाई अजून तिथंच राहते.

त्याची उजवी मूठ तेवढी उघडत नव्हती. दवाखान्यात दोघांनी धरून एकेक बोट सोडवलं. म्हातारीला जाळून तेव्हा वर्ष उलटलं होतं...

मुठीत पांढऱ्या केसांचा झुबका होता. खोबरेल तेलानं ओला.