निळ्या दुधाचं विरजण

हिरवागार हौद एका रात्रीत निळा झाला, तर त्याचं कारण काय असेल? सांगा पाहू! घाई नको, सावकाश विचार करा. लोणारच्या चारूला हे कोडं सकाळी सकाळी, दात घासायच्याही आधी पडलं. आणि उत्तर मिळालं तेव्हा तिला वाटलं, नसतं मिळालं तर फार बरं झालं असतं.

हौद म्हणजे काही मोठा नव्हे. बाळाच्या पाळण्याएवढा, काचेचा, परसातल्या उन्हात ठेवलेला. तो होता चारूच्या आईचा. मैथिली मापारी शैवालांचा अभ्यास करायची. चारूच्या जन्माआधी तिनं लोणारच्या खाऱ्या सरोवरातून थेंबभर पाणी उचललं, त्यातला केसाहून बारीक असा एकच हिरवा पीळ वेगळा काढला आणि तो वाढवत वाढवत हा हौद भरला. स्पिरुलिना (मळसूत्रासारखं पिळदार, अतिशय सूक्ष्म शैवाल) हे त्याचं नाव. त्यापासून आई रोज निळं दूध करायची. निळं म्हणजे अगदी मोरासारखं निळं! वर्गातली मुलं नाकं मुरडायची, "शेवाळ पितेस? ई!" चारू मात्र ओठांवरची निळी मिशी न पुसता ऐटीत शाळेत जायची.

त्या आईला जाऊन वर्ष झालं होतं. साध्या तापाचं निमित्त झालं आणि बघता बघता सगळं संपलं. घरात राहिले आजोबा, म्हणजे आईचे वडील, आणि चारू. बाबा समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला होते. परवा वर्षश्राद्धाला आले आणि लगेच परतले. हो, आणि ढवळ्या! हा बैल नव्हे बरं का, हा यंत्रमानव. तळाच्या शैवालालाही ऊन मिळावं म्हणून तो आपल्या लांब हातानं हौद ढवळायचा. जास्तीचं शैवाल गाळून गुलाबाच्या मुळाशी टाकायचा.

आई गेल्यापासून निळं दूध कुणी केलंच नव्हतं. आजोबाही शास्त्रज्ञ, त्यांना कृती ठाऊक होती, पण हौदाशी गेले की ते तसेच माघारी फिरायचे. चारूनंही हट्ट धरला नाही. हौद हिरवा आहे तोवर आईचं काहीतरी या घरात चालू आहे, एवढंच तिला पुरे होतं.

आणि आज तो हौद निळा!

"ढवळ्या, अरे बघ तरी! आईच्या निळ्या दुधासारखं झालंय!" चारू धावत जाऊन पेला घेऊन आली आणि तिनं तो हौदात बुडवलासुद्धा. तेवढ्यात ढवळ्याच्या हातानं तिचं मनगट धरलं.

"पिऊ नकोस, चारू. आधी वास घे."

चारूनं पेला नाकाशी नेला मात्र, आंबूस, कुजका भपकारा आला. पेला तिच्या हातून सुटला. "आजोबा!" ती ओरडली.

आजोबा आले आणि हौदाकडे पाहताच त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ढवळ्यानं एक थेंब भिंगाखाली धरला आणि त्याचं मोठं चित्र भिंतीवर पाडलं. एरवी तिथे हिरव्या पिळांची नुसती झुंबड दिसायची. आज चुरा दिसत होता.

आजोबा पायरीवर बसले. "संपलं गं, पोरी. एकही पीळ शाबूत नाही."

"संपलं कसं? उलट किती छान निळं झालंय!"

"तेच तर." आजोबांनी तिला जवळ बसवलं. "हे शैवाल दिसतं हिरवं, पण त्याच्या प्रत्येक पेशीत दोन रंग असतात. एक हरितद्रव्य (उन्हाच्या मदतीनं अन्न बनवणारं हिरवं द्रव्य). ते पाण्यात विरघळत नाही. दुसरं फायकोसायनिन (ऊन टिपायला मदत करणारं निळं प्रथिन). ते मात्र पाण्यात चटकन विरघळतं. पेशी जिवंत असते तोवर तिची भिंत त्या निळ्याला आत धरून ठेवते. ते बाहेर येतं कधी?"

"भिंत फुटली की." चारूचा आवाज बारीक झाला. "म्हणजे सगळेच फुटले?"

"सगळेच," आजोबा म्हणाले.

"पण आई करायची ते दूध पण निळंच असायचं ना?"

"असायचं. ती वाटीभर शैवाल काढून घ्यायची आणि मुद्दाम गोठवून फोडायची. पण वाटीभरच हं! बाकीचा हौद जिवंत ठेवून."

तेवढ्यात ढवळ्या बोलला. त्याला बिचाऱ्याला कधी गप्प बसावं ते कळत नसे. "हौदाचं पाणी आंबट होत चाललंय. पाण्यात दूध सापडलं. साखर सापडली. वेलदोडाही सापडला."

परवाचा दिवस चारूच्या डोळ्यांसमोर आला. आईला बासुंदी फार आवडायची, म्हणून श्राद्धाला बासुंदी केली होती. सगळे कावळ्याला पान ठेवत होते. आणि आईला तर कावळे मुळीच आवडत नसत, हौदावरचं झाकण उचकटतात म्हणून ती त्यांना हाकलायची! तिचं जेवण त्यांना कशाला? पाहुण्यांची पोरं ढवळ्याला लोंबकळत होती म्हणून त्याला बंद करून कोपऱ्यात उभं केलं होतं. परसात कुणी नव्हतं. चारूनं उरलेल्या बासुंदीचं पातेलं उचललं आणि सगळी बासुंदी हौदात ओतली.

"मी आईला जेवायला वाढलं, आजोबा," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. "तिला आवडते म्हणून वाढलं. मला काय माहीत असं होईल म्हणून!"

आजोबा रागावले नाहीत. त्यांचा शर्ट भिजेपर्यंत त्यांनी तिला रडू दिलं. मग हळूहळू समजावलं. "हे शैवाल आपल्यासारखं जेवत नाही, बाळा. ऊन, हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यातले क्षार, एवढ्यावर ते आपलं अन्न आपणच बनवतं. त्याचं पाणी सोड्याच्या पाण्यासारखं खारट असतं, अल्कधर्मी (आम्लाच्या उलट गुणाचं). त्या पाण्यात बहुतेक जीवाणूंचा टिकाव लागत नाही. पण दूध-साखर पडली आणि उरल्यासुरल्या जीवाणूंना आयती मेजवानी मिळाली. ते बेसुमार वाढले, पाण्यातला प्राणवायू त्यांनी संपवला, पाणी आंबवलं. शैवालाचा जीव गुदमरला."

"माझ्यामुळे."

"हो," आजोबा म्हणाले. ते खोटं बोलत नसत. "चूक झाली. पण ती मायेपोटी झाली. माझी पोरगी असती तर हेच म्हणाली असती."

"आपण सरोवरातून परत आणू या ना!"

"सरोवरात आता गोडं पाणी झिरपून खारेपणा कमी झालाय. हा पीळ तिथे मिळत नाही. आईच्या प्रयोगशाळेतलं काम बंद पडलं, तेव्हाच तिथल्या शैवालाच्या बाटल्याही गेल्या. बाजारात मिळतं दुसरं शैवाल. आणू या?"

"ते आईचं नसेल," चारू म्हणाली.

दुपारी आजोबांनी दहीभात कालवला. चारू नुसती दह्याकडे बघत बसली. बघता बघता तिला एक जुनी गोष्ट आठवली. एकदा घरचं दही नासलं तेव्हा आईनं तिला शेजारच्या सायराचाचींकडे विरजण आणायला पिटाळलं होतं. वाटी घेऊन ती परत आली तर आई हसत म्हणाली होती, "आपलंच आपल्याकडे आलं बघ! त्यांना मागच्या महिन्यात मीच दिलं होतं. विरजण एकाच घरात ठेवू नये, चारू. एकीचं नासलं तर दुसरीचं कामी येतं."

चारू ताटावरून उठली ती थेट शेजारी.

सायराचाची ओसरीवर मेथी निवडत बसल्या होत्या. "चाची," चारूला धाप लागली होती, "आईनं तुम्हाला कधी हिरवं पाणी दिलं होतं का हो?"

चाचींचा चेहराच उतरला. "अगं बेटा, खरं सांगू? दिलं होतं. चाची, तुमच्यात रक्त कमी आहे, हे वाढवा आणि रोज निळं दूध प्या, म्हणाली. मला बाई त्या वासानंच कसंतरी व्हायचं. तिच्या तोंडावर हो हो म्हटलं, पण एक घोट प्यायले असेन तर शपथ!"

"मग फेकून दिलंत?"

"फेकेन कशी? जिवंत चीज आहे, सांभाळा, म्हणाली होती ती. रोज एकदा हलवा, पाणी आटलं की उकळून गार केलेलं पाणी घाला. आणि तिनं दिलेल्या क्षारांच्या पुडीतली चिमूट टाका. सकाळची नमाज झाली की हलवते मी. आता ती नाही, तर जास्तच जपून हलवते."

स्वयंपाकघराच्या खिडकीत, पुदिन्याच्या कुंडीशेजारी काचेची बरणी होती. आतलं पाणी फिकट होतं, पण होतं हिरवंच.

चारूनं बरणी पोटाशी धरून घरी आणली. ढवळ्यानं थेंब भिंगाखाली धरला. भिंतीवर एक पीळ तरंगत आला, मग दुसरा, मग आणखी. आजोबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

मग कामाला सुरुवात झाली. हौद रिकामा करून कढत पाण्यानं धुतला आणि कडक उन्हात वाळवला. चारूला वाटत होतं, बरणी त्यात ओतावी आणि मोकळं व्हावं. "थांब," आजोबा म्हणाले. "थोड्यांना एकदम एवढं ऊन सोसत नाही. दाटीत असले की ते एकमेकांना सावली करतात." म्हणून आधी बरणीतून काचेच्या भांड्यात, भांडं गच्च हिरवं झालं की बादलीत, आणि पावसाळा सरता सरता हौदात, असं ते बिऱ्हाड हलवलं.

"आजोबा, हे खरंच आईनं उचललेलंच आहे का?" एके दिवशी तिनं विचारलं.

"तेच. एक पीळ मधे तुटतो आणि त्याचे दोन्ही तुकडे वाढतात. त्यातला जुना कुठला आणि नवा कुठला, हे देवालाही सांगता येणार नाही."

"मग आईचं पण असंच..."

"नाही, बाळा." आजोबांनी तिचं बोलणं मधेच थांबवलं. "माणसाचं तसं नसतं. माणूस एकदाच असतं."

चारू आजोबांना टेकून बसली. ढवळ्या मात्र ढवळत राहिला.

हौद पुन्हा गर्द हिरवा झाला त्या आठवड्यात चारूनं निळं दूध करायला घेतलं. वाटीभर शैवाल मलमलीच्या फडक्यातून गाळलं, स्वच्छ पाण्यानं धुऊन पिळलं. रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. गोठताना आत बर्फाचे कण तयार होतात आणि पेशींच्या भिंती फोडतात. सकाळी ते गार पाण्यात वितळवून पुन्हा गाळलं, तर खाली निळंशार पाणी! फडक्यात उरलेला हिरवा लगदा आजोबांनी थालीपिठाच्या पिठात मळला, कारण त्यातही प्रथिनं आणि लोह असतं. उकळून पूर्ण गार केलेल्या दुधात चारूनं ते निळं पाणी मिसळलं, खडीसाखर आणि वेलदोड्याची पूड घातली.

"थोडं कोमट करू का? चाचींना गार सोसत नाही."

"करशील तर निळं उडून जाईल. प्रथिनाची एक ठरलेली घडी असते, ती कायम आहे तोवर रंग आहे. उष्णतेनं घडी उलगडते. उकडल्यावर अंड्याचा पांढरा बलक पुन्हा पातळ होतो का? तसंच. लिंबूही पिळायचं नाही." मग ते बोट वर करून म्हणाले, "आणि डबक्यातलं शेवाळ आणून असले प्रयोग कुणी करायचे नाहीत. त्यातली काही विषारी असतात."

पहिला पेला चारू शेजारी घेऊन गेली. चाचींनी डोळे गच्च मिटले, नाक धरलं आणि एका दमात पेला रिकामा केला. मग एक डोळा उघडला.

"हे तर वेलदोड्याचं दूध लागतंय!"

"मग? आई कधीची सांगत होती!"

चाची रिकाम्या पेल्यात बघत राहिल्या. ओठांवर निळी मिशी आली होती, ती त्यांनी पुसली नाही. "किती वेळा म्हणाली बिचारी, चाची, एकदा तरी घ्या. एकदा तिच्यासमोर प्यायला काय झालं होतं मला?"

चारूनं चाचींच्या हातातला पेला घेतला. "उद्या पण आणते," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी चारूनं बाटल्या भरायला घेतल्या. एक चाचींच्या खिडकीसाठी, एक शाळेसाठी. तिसरी चंद्रतळासाठी (चंद्रावर माणसांनी वसवलेलं ठाणं). जिथे गाय नाही आणि शेत नाही, तिथल्या लोकांनी हे शैवाल आईकडे मागितलं होतं, आणि ते पाठवायचं राहून गेलं होतं. त्या बाटलीवर चारूनं कागद चिकटवला, आणि आजोबांनी तो चष्मा लावून मोठ्यानं वाचला.

"रोज एकदा हलवा. उजेडात ठेवा. कितीही माया वाटली तरी बासुंदी घालू नका. आणि थोडं शेजारी देऊन ठेवा."