खिळ्यावरचा पंखा

लाइट जाऊन बराच वेळ झाला होता. गच्चीवर नाना, त्यांचा मुलगा, सून आणि धाकटी मुलगी अंधारातच बसली होती. मुलाने नुकतीच एक जुनी गाडी घेतली होती. ती चढावर तापायची, म्हणून तिचा पट्ट्यावर फिरणारा पंखा काढून विजेवरचा बसवायचं त्याच्या मनात होतं.

"बसव," नाना म्हणाले. "फक्त काढलेला पंखा जपून ठेवू नकोस. भंगारात घाल."

"का? चावतो की काय?" सुनेने विचारलं.

नाना हसले नाहीत. "मोठ्या मावशीला विचार. नको, तिला नकोच विचारू. मी सांगतो."

आणि नानांनी सांगितलं ते असं.

मावशीचे यजमान गाड्यांचे मिस्त्री. हात लावायचे तो फक्त जुन्या गाड्यांना. तोंडाने फटकळ, पण हातात अशी जादू की बंद पडलेलं इंजिन नुसतं त्यांना बघून सुरू होईल, असं मावशी सगळ्यांना कौतुकाने सांगायची. आणि लगेच जोडायची, "घरातला नळ मात्र वर्षभर गळतोय."

त्यांच्याकडे डोंगरापलीकडच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंची काळी, लांबलचक गाडी आली. दुखणं एकच. डोंगरातल्या पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर पंखा थांबायचा. इंजिन चालू, पट्टा धड, बेअरिंग नवं कोरं, आणि पंखा जागच्या जागी उभा. असं होऊच शकत नाही, पण व्हायचं. वारा थांबला की पाणी उकळायचं.

त्याच वळणावर बाईंचा जुना ड्रायव्हर गेला होता. गाडी तापली म्हणून चालू इंजिनवर वाकला. गळ्यात मफलर होता. टोक पंख्यात गेलं... पुढचं सांगायला नको. त्याआधी कधीतरी त्या पंख्याचं एक पातं मोडलं तेव्हा दुसरं त्याने स्वतः घडवून लावलं होतं. "गाडी बाईंची, पंखा माझा," म्हणायचा.

मिस्त्रींनी हे सगळं ऐकलं आणि सोडून दिलं. जुना पंखा उतरवला, गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगला, आणि विजेवरचा पंखा बसवला. "आता ना पट्टा, ना त्याची नाटकं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाईंना नव्वद वर्षं पूर्ण होणार होती आणि त्यांना एकदा त्या गाडीत बसायचं होतं. म्हणून गाडी रातोरात पोहोचवायची ठरली. तीन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर, शेवटचा शनिवार. गॅरेजला कुलूप घातलं तेव्हा दहा वाजून गेले होते. नाना बाईंच्याच गावात राहत असल्याने रात्री तिथेच झोपू, म्हणून मावशीही निघाली.

डोंगर लागेपर्यंत सगळं छान होतं. टाकी दिसली आणि तापमानाचा काटा हलला. मिस्त्रींनी पंख्याचं बटण दाबलं. आवाज नाही. पुन्हा दाबलं. त्यांनी हीटर पूर्ण सोडला, म्हणजे इंजिनाची थोडी तरी उष्णता आत निघून येईल. बाहेर कडाक्याची थंडी आणि आत ही दोघं घामाने निथळतायत.

"गाडी दुरुस्त केलीत की भट्टी?" मावशी म्हणाली.

"गप बस जरा."

वळणावरच थांबावं लागलं. मिस्त्रींचा एक नियम होता. वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरी सोडवायची. बंद इंजिनही तापलेलं असेल तर विजेचा पंखा आपोआप फिरू शकतो, कितीतरी जणांची बोटं अशी गेलीत. त्या गाडीत बॅटरी पुढच्या सीटखाली. त्यांनी सीट उचलली, वायर सोडवली आणि मावशीच्या मुठीत दिली.

"मी सांगेपर्यंत सोडायची नाही. ही जाड वायर उसळी मारून परत जागेवर टेकते."

"घामाच्या अंगाने बाहेर निघालात. थांबा." मावशीने वायर गुडघ्यांत घट्ट दाबली आणि स्वतः विणलेला लाल मफलर त्यांच्या गळ्यात बांधला. दुहेरी गाठ मारली.

"पंख्याजवळ मफलर नको, अगं."

"वायर माझ्याकडे आहे ना? मग?"

ते हसले. टॉर्च घेऊन पुढे गेले. बॉनेट उघडलं.

बॅटरी सोडवलेली, त्यामुळे गाडीत मिट्ट काळोख. उघड्या बॉनेटच्या खाली एक फट राहते, त्यातून मावशीला टॉर्चचा उजेड दिसत होता आणि त्यांचा राखाडी स्वेटर. पान्याची टकटक ऐकू येत होती. तिला बरं वाटलं.

मग तिने नीट पाहिलं.

स्वेटरच्या शेजारी आणखी एक पाठ वाकलेली होती. खाकी.

मावशीला वाटलं, कुणी वाटसरू मदतीला आला असेल. पण पावलं वाजली नव्हती. त्या रस्त्याला घर नाही.

"अहो," तिने हाक मारली. "कोण आहे तिथे?"

"टॉर्च जरा खाली घे," मिस्त्री म्हणाले. "हां. अशीच धर."

मावशी काचेकडे झुकली. "अहो... मी गाडीत आहे."

पान्याची टकटक थांबली.

ती उठणार होती. धावत जाऊन त्यांना मागे ओढणार होती. पण हातात वायर. सोडली आणि टेकली तर पंखा फिरणार, आणि त्यांचा गळा त्याच्यावर. आणि नाही सोडली तर... शेजारी तो.

तिने वायर दोन्ही हातांनी छातीशी धरली.

उजेड हलेना.

मग पंखा फिरला.

वायर तिच्या हातात होती. तरी फिरला. आधी हळू... मग घरघर वाढत गेली. बॉनेटला काहीतरी धडकलं. एक घुसमटलेला आवाज आला. मावशी ओरडली. वायर मात्र सोडली नाही.

घरघर थांबली.

बराच वेळ काही नाही...

दार उघडलं. मिस्त्री होते. एकटेच. गळा उघडा, आणि गळ्याभोवती लालभडक वळ. बोलता येत नव्हतं. मावशीने त्यांचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. मग वायर पुन्हा उचलून तिने स्वतःच जागेवर बसवली. बटण दाबलं. पंखा सुरळीत चालू झाला. टॉर्च मडगार्डवर जळत होती. मफलर पंख्यात नव्हता, रस्त्यावर नव्हता, कुठेच नव्हता.

पहाटे नानांच्या दारात गाडी आली. सकाळी बाईंच्या अंगणात ती नानांनीच नेऊन लावली. मिस्त्री तेव्हाही सावरले नव्हते, म्हणून त्या दोघांना गॅरेजपर्यंत पोहोचवायला नाना बसने सोबत गेले.

कुलूप शाबूत होतं. किल्ली मिस्त्रींच्याच खिशात होती. शटर वर गेलं.

भिंतीवरचा जुना पंखा खिळ्याला होता तिथेच होता. त्याच्या मधोमध लाल मफलर गुंडाळलेला. वेढ्यावर वेढा, करकचून, जोरात फिरलेल्या गोष्टीवर बसतो तसा.

मिस्त्री उंबऱ्याशीच थांबले. मावशी पुढे गेली. तिने पात्याला हात लावला आणि मागे घेतला. लोखंड गरम होतं.

एकेक वेढा तिने उलगडला. सगळा मफलर तिच्या हातात आला.

गच्चीवर अजून अंधारच होता.

"फाटला होता?" धाकटीने हळूच विचारलं.

"एक टाकासुद्धा उसवला नव्हता." नानांनी अंधारात दोन्ही हातांची बोटं जुळवून एक लहानसं कडं करून दाखवलं. "तुझ्या मावशीने मारलेली दुहेरी गाठ तशीच होती. सुटली नव्हती. आणि गळ्याभोवतीचा तो वेढा एवढाच होता. यातून मनगट निघेल. माणसाचं डोकं नाही."