कोनाड्याचं माप

पस्तीस वर्षं मी लोकांची मापं घेऊन कपडे शिवतेय, आणि माप घेणाऱ्या माणसावर माझा काडीचा विश्वास नाही. म्हणून सुतार आला तेव्हा मी मशीन सोडून त्याच्या मागेच उभी राहिले.

काम साधंच होतं. बाहेरच्या खोलीत खिडकीशेजारी भिंतीत एक कोनाडा आहे, आत माणूस उभा राहील एवढा. त्यात तीन फळ्या बसवायच्या आणि त्यावर ह्यांचे जुने रेडिओ ठेवायचे. रिटायर झाल्यापासून ह्यांनी सतरा रेडिओ जमवलेत, त्यातले चार बोलतात. सगळे जेवायच्या टेबलावर, आणि आम्ही नवराबायको ताटं मांडीवर घेऊन जेवतो!

सुताराच्या कानावर कायम पेन्सिल, म्हणून आम्ही दोघं त्याला आपसात कानपेन्सिल म्हणायचो.

"भिंती कधी सरळ नसतात, काकू. प्रत्येक फळीचं माप वेगळं घ्यायचं," तो म्हणाला आणि त्याने टेप ताणली. "लिहा. वर चाळीस. मधे सदतीस. खाली साडेएकोणचाळीस."

जवळ दुसरा कागद नव्हता, मी माझ्या मापवहीतच लिहिलं.

"अहो, तीन इंचांचा फरक? भिंत तर चांगली सरळ दिसतेय."

त्याने ओळंबा सोडला. दोरी दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत भिंतीला लागून सरळ राहिली. त्याने पुन्हा टेप लावली. चाळीस, सदतीस, साडेएकोणचाळीस.

"जुनं बांधकाम," असं म्हणून तो गेला. नाचता येईना अंगण वाकडं, मी मनात म्हटलं.

वही मिटताना ते आकडे पुन्हा दिसले. एकाखाली एक असे तीन आकडे मी रोजच लिहिते. छाती, कंबर, सीट. मागची पानं उलटली. ह्यांच्या पानावर मागच्या वर्षी शर्ट-पँट शिवली तेव्हाचं माप होतं. चाळीस, सदतीस, साडेएकोणचाळीस.

मनात पाल चुकचुकली. मेल्याने माझी वही चाळली असणार आणि आयते आकडे ठोकून दिले असणार. टेप ताणायचं नुसतं नाटक! रात्री जेवताना ह्यांना तसं सांगितलं तर हे हसायलाच लागले.

"तुला आरशातल्या बाईचाही संशय येतो," म्हणाले.

आठ दिवसांनी फळ्या आल्या आणि एकही आत जाईना. तिन्ही बरोबर एकेक इंच लांब. मी माझी टेप आणून स्वतः मोजलं. एकोणचाळीस, छत्तीस, साडेअडतीस.

"शपथ घेऊन सांगतो, काकू, तेव्हा चाळीस होतं. तुम्हीच लिहिलंत ना?" कानपेन्सिलचा चेहरा उतरला होता.

तो फळ्या घेऊन गेला.

त्याच आठवड्यात ह्यांनी कमरेचा पट्टा एक भोक आत घेतला. मी नव्या शर्टाचं निमित्त करून ह्यांना उभं केलं. एकोणचाळीस, छत्तीस, साडेअडतीस.

कानपेन्सिलने कापून आणलेल्या फळ्याही अडकल्या. पुन्हा एक इंच. आता कोनाडा अडतीस, पस्तीस, साडेसदतीस होता. तो गेल्या गेल्या मी ह्यांना मोजलं. एकोणचाळीसच! इतकं हायसं वाटलं की मी स्वतःशीच हसले. काय वेडी बाई मी, भिंतीवर संशय घेते!

सहाव्या दिवशी हे अडतीस भरले.

म्हणजे भिंत पुढे आणि हे तिच्या मागून.

डॉक्टरांनी होत्या नव्हत्या त्या सगळ्या तपासण्या केल्या. कशात काही निघालं नाही. "वयाने होतं थोडं," म्हणाले. हे वैतागले. "मी ठणठणीत आहे. तू टेप घेऊन मागे फिरतेस ना, त्यानेच माझी भूक मरते."

मला भीती वाटत होती. ह्यांना सांगितलं असतं तर हसले असते. आणि हसले नसते तर? म्हणून मी ह्यांना काहीच सांगितलं नाही. कानपेन्सिलला मात्र जिन्यात गाठलं.

"आत्ता कोनाडा जेवढा आहे त्याहून एक सूत जास्त ठेवा. आणि ठोकून बसवा."

"भिंत फुटेल, काकू."

"फुटू दे."

दुसऱ्या दिवशी तो हातोडा घेऊन तासभर खपला. दोन्ही बाजूंच्या गिलाव्याला तडे गेले. शेवटची फळी आत गेली आणि झोपायच्या खोलीतून ह्यांची हाक आली.

"अगं, भूक लागलीय. खायला आहे का काही?"

मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले आणि मग ताट वाढलं.

तीन आठवडे हे अडतीसवर राहिले. पोटभर जेवायचे, शिट्टी वाजवत रेडिओ पुसायचे. मी रोज धूळ झटकायच्या निमित्ताने फळ्या दाबून बघायची. फळी आणि भिंतीच्या मधे कागदसुद्धा जात नव्हता. त्याचा मला किती आधार वाटायचा!

काल शिवलेले कपडे पोचवायला म्हणून बाहेर गेले. दुपारी परत आले तर जमिनीवर भुसा पडलेला, आणि हे कमरेवर हात ठेवून कोनाड्यासमोर उभे. खुशीत.

"कानपेन्सिलला बोलावलं होतं. रेडिओच्या वायरी मागे न्यायला जागाच नव्हती गं. फळ्या दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच उडवल्या आणि खाली टेकू ठोकले. बघ आता," असं म्हणून ह्यांनी एका बोटाने वरची फळी सरकवून दाखवली.

"मला विचारायचं तरी!" मी ओरडले.

"फळीचं काय विचारायचं?"

मी सरळ कानपेन्सिलला फोन लावला.

"आजच्या आज नव्या फळ्या आणा. ठोकून बसवल्या होत्या तेवढ्याच."

"आज कुठून आणू? दोन दिवस तरी लागतील," तो म्हणाला. "आणि काकू, एकदा कापली की फळी वाढत नाही."

मी स्टूल ओढून कोनाड्यासमोर बसले. हे आत जाऊन आडवे झाले. मी दर थोड्या वेळाने उठून फळी सरकवून बघत होते. सरकत होती. चार वाजता सरकली. पाच वाजता सरकली.

दिवे लागायच्या सुमाराला दार वाजलं. कुणीतरी पत्ता विचारत होतं. दोन मिनिटं गेली असतील, जास्त नाही.

परत येऊन मी वरच्या फळीला बोट लावलं. हलली नाही.

दोन्ही हातांनी ओढली. मधली ओढली. खालची ओढली.

गिलाव्याचे तडे मिटले होते.

"अगं," ह्यांनी आतून हाक मारली, "पट्ट्याला अजून एक भोक पाडून देतेस का? होती ती सगळी संपली."